परसातले जुने कंद

जुने घर विकले जाते, त्याची वाटणी होते किंवा रस्तारुंदीत अंगण जाते, तेव्हा माणसे भांडीकुंडी, देव आणि कागदपत्रे आठवणीने हलवतात. परसातली फुलझाडे मात्र बहुधा तिथेच राहतात. त्यांतही कंदांपासून वाढणाऱ्या झाडांची उपेक्षा अधिक होते. माघ-फाल्गुनात परस पाहिले, तर त्यांपैकी कित्येकांचा जमिनीवर मागमूसही नसतो. जे दिसत नाही, त्याची आठवण कोण ठेवणार?

रोपवाटिकेतून नवे कंद विकत आणता येतील, मग हा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. बियांपासून उगवलेले रोप मूळ झाडासारखे असेलच असे नाही. कंदाला फुटलेला पिलू-कंद मात्र त्या मूळ झाडाचाच भाग असतो. आजीने लावलेला निशिगंध आज परसात असेल, तर तो त्याच निशिगंधाचा पुढचा विस्तार होय. तो नांगराखाली गेला, की तसा दुसरा विकत मिळत नाही.

या कामातील खरी अडचण वेळेची आहे. झाड ओळखता येते ते फुलावर किंवा पानांवर असताना. उपटावे मात्र ते विश्रांतीत असताना. या दोन वेळांमध्ये काही महिन्यांचे अंतर असते. म्हणून खूण करून ठेवणे हे कुदळ चालवण्याइतकेच महत्त्वाचे आहे. नुसती काठी रोवू नये; तिला वाळवी लागते. त्यापेक्षा 'विहिरीच्या कठड्यापासून पूर्वेस चार पावले' अशी नोंद वहीत करावी. घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांना विचारावे. कोणते झाड कोठे आहे, हे बहुधा त्यांनाच ठाऊक असते.

मात्र केवळ नावावर विसंबू नये. 'नागदवणा' हे नाव निरनिराळ्या भागांत अगदी वेगवेगळ्या वनस्पतींना दिले जाते. झाडाचे वर्तन पाहावे. भुईचाफ्याचे फूल उन्हाळ्यात पानांच्या आधी थेट मातीतून वर येते. पाने पावसाबरोबर येतात आणि त्यांची खालची बाजू जांभळट असते. मे महिन्याच्या सुमारास एकाच दांड्यावर लाल फुलांचा चेंडू दिसला, तर ती 'मे फ्लॉवर' म्हणून ओळखली जाणारी लिली. ती मूळची आफ्रिकेतील. निशिगंध मूळचा मेक्सिकोचा. त्याची पाने गवतासारखी अरुंद असतात आणि उंच दांड्यावर पांढरी, सुवासिक फुले येतात. सोनटक्क्याला कांद्यासारखा कंद नसतो. त्याचे खोडच आल्याप्रमाणे जमिनीत आडवे वाढते. शास्त्रीय परिभाषेत त्याला मूलक्षोड म्हणतात.

येथे एक इशारा आवश्यक आहे. लिलीचे कित्येक कंद हुबेहूब कांद्यासारखे दिसतात; पण ते विषारी असतात आणि पोटात गेल्यास उलट्या होतात. खणलेले कंद स्वयंपाकघरात कधीही ठेवू नयेत आणि मुलांच्या हाती लागू देऊ नयेत.

हिवाळ्यात निशिगंधाची पाने पिवळी पडू लागली, की पाणी तोडावे. पाने वाळल्यावर झाडापासून वीतभर दूर कुदळ घालून सगळा झुबका मातीसह उचलावा. अगदी बुंध्याशी घाव घातला, तर कंद चिरतो आणि पुढे कुजतो. झुबका हातानेच सोडवावा. ज्या कंदाला एकदा फूल येऊन गेले, त्याला पुन्हा येत नाही. त्याच्या कडेचे टणक कंद लावण्यासाठी निवडावेत. अंगठ्याने दाबून पाहावे आणि मऊ लागेल तो टाकून द्यावा. उरलेले सावलीत सुकवून हवेशीर टोपलीत ठेवावेत. टोपलीत नावाची चिठ्ठी पेन्सिलीने लिहून घालावी, कारण शाई ओलाव्याने पुसली जाते.

सगळ्यांना हाच नियम लावता येत नाही. सोनटक्का सुकवून ठेवू नये; पावसाच्या आरंभी दोन-तीन डोळे असलेला तुकडा काढून लगेच ओलसर जागी लावावा. भुईचाफ्याच्या मुळांना फुगीर गाठी लोंबतात, त्या तोडू नयेत. त्यांतच झाडाचा साठा असतो.

नव्या जागी माती भुसभुशीत आणि पाण्याचा निचरा होणारी हवी. निशिगंधाचा कंद पाच ते सात सेंटिमीटर खोल लावावा. मे फ्लॉवरच्या कंदाची मान मात्र मातीच्या पृष्ठभागाशी राहू द्यावी. लावल्यावर एकदाच पाणी द्यावे आणि कोंब दिसेपर्यंत हात आवरता घ्यावा. पुष्कळ कंद मरतात ते तहानेने नव्हे, अतिपाण्याने. मे फ्लॉवरला मुळे हलवलेली रुचत नाहीत. पहिल्या वर्षी तिला नुसती पानेच आली, तरी कंद उकरून पाहू नये. पुढच्या उन्हाळ्याची वाट पाहावी.