दोन मिनिटे थांबलेले हृदय

२८ मे १९९६. अमेरिकेतील लॉस एंजेलिस परिसरातल्या एका हॉटेलात डेव्ह गहान या ३४ वर्षांच्या गायकाचे हृदय बंद पडले. हेरॉइन आणि कोकेन एकत्र टोचून घेतल्याचा हा परिणाम. सुमारे दोन मिनिटांनी रुग्णवाहिकेच्या कर्मचाऱ्यांनी त्याचा श्वास परत आणला.

गहान हा 'डिपेश मोड' या ब्रिटिश बँडचा मुख्य गायक. सिंथेसायझरसारख्या इलेक्ट्रॉनिक वाद्यांवर संगीत रचणारा हा बँड १९८० मध्ये इंग्लंडच्या बेसिल्डन गावात सुरू झाला. १९८८ मध्ये कॅलिफोर्नियात त्यांना ऐकायला साठ हजारांहून अधिक लोक जमले होते. संगीताविषयी उलमांची मते वाचकांना ठाऊक आहेत. आमचा आजचा विषय वेगळा आहे.

गहान ज्यांना वडील समजत होता, ते तो दहा वर्षांचा असताना वारले. ते सावत्र होते हे त्याला त्यानंतर कळले. पुढे किशोरवयात चोरीमारी आणि बालन्यायालयाच्या फेऱ्या झाल्या. मग प्रसिद्धी आली, पैसा आला आणि नशाही आली. १९९५ मध्ये त्याने आत्महत्येचाही प्रयत्न केला.

हृदय थांबण्याच्या त्या घटनेनंतर त्याला अटक झाली. मात्र न्यायालयाने तुरुंगाऐवजी उपचारांचा मार्ग दिला. साथीदारांनीही त्याची जागा दुसऱ्या कोणाला दिली नाही. १९९७ मध्ये 'अल्ट्रा' हा अल्बम त्याच्याच आवाजात आला. २००९ मध्ये त्याच्या मूत्राशयातील गाठ काढावी लागली, तरी तो पुन्हा उभा राहिला. साठी ओलांडल्यावर, २०२३ मध्येही त्याचा नवा अल्बम निघाला.

आता आपल्या मोहल्ल्याकडे पाहू. मुलगा नशेत सापडला की आपण काय करतो? बदनामीच्या भीतीने लपवतो, नाहीतर घराबाहेर काढतो. कधी 'निकाह झाला की सुधारेल' म्हणून कुणाच्या तरी लेकीचे आयुष्य पणाला लावतो. डॉक्टर मात्र शेवटी आठवतो.

नशा हराम आहे, यात शंका नाही. सूरह अल-माइदामध्ये ते स्पष्ट आहे. पण गुन्हेगारांनाही अल्लाहच्या रहमतीपासून निराश होऊ नका, असे सूरह अज-जुमर सांगते. तौबाचा दरवाजा अल्लाहने उघडा ठेवला आहे. मग उपचारांचा आणि घराचा दरवाजा बंद करणारे आपण कोण?