गणवेश बदलायचा, तर आधी मुक्तिपत्र हवे

प्रतिनिधी

अमेरिकेच्या मरीन कोअरकडे पायदळ आहे, तोफखाना आहे, स्वतःची लढाऊ विमानेही आहेत. मात्र स्वतःचा एकही डॉक्टर नाही. मरीन जवानांवर उपचार करतात ते नौदलाचे डॉक्टर, परिचारिका आणि 'हॉस्पिटल कोअरमन' म्हणून ओळखले जाणारे वैद्यकीय सहायक. १७ जून १८९८ रोजी स्थापन झालेल्या नौदलाच्या हॉस्पिटल कोअरकडे ही जबाबदारी आहे. रणांगणावर या सहायकाला मरीन 'डॉक' अशी हाक मारतात.

साहजिकच, ज्या मरीनला गणवेशात राहूनच वैद्यकीय सेवा करायची आहे, त्याला दल बदलावे लागते. यांपैकी अनेकांचा ओढा राखीव दलाकडे असतो. महिन्यातून एक शनिवार-रविवार आणि वर्षातून साधारण दोन आठवडे सेवा, उरलेला काळ शिक्षण वा नोकरीसाठी मोकळा, असे तिचे स्वरूप आहे. हा मार्ग खुला आहे. पण तो वाटतो तितका सरळ नाही.

आठ वर्षांचे बंधन

अमेरिकी सैन्यात भरती होणाऱ्यावर सर्वसाधारणपणे एकूण आठ वर्षांचे बंधन असते. चार वर्षांची पूर्णवेळ सेवा संपवून घरी परतलेला जवानही उरलेली वर्षे 'वैयक्तिक राखीव' यादीत राहतो. त्याला कवायत नसते, वेतनही नसते. परंतु नाव मूळ दलाच्याच पटावर असते. त्यामुळे दुसऱ्या दलाच्या राखीव विभागात जाण्यासाठी मूळ दलाची संमती आवश्यक ठरते. ही संमती 'डीडी ३६८' या अर्जाद्वारे मिळते. याला सशर्त मुक्तिपत्र म्हणता येईल: नव्या दलाने सामावून घेतले, तरच जुने दल सोडते. मुक्तिपत्राला मुदत असते. ती टळली, की अर्ज पुन्हा करावा लागतो. शिवाय संमती हा हक्क नव्हे. मनुष्यबळाची गरज दाखवून मूळ दल नकारही देऊ शकते.

काय मिळते, काय जाते

लष्कराच्या राखीव दलात जाणाऱ्या मरीनला मूलभूत सैनिकी प्रशिक्षण सहसा पुन्हा घ्यावे लागत नाही. मागील सेवेची वर्षे वेतनासाठी आणि निवृत्तीसाठी धरली जातात. हुद्दा मात्र तोच राहील याची हमी नसते. ते रिक्त जागांवर अवलंबून असते.

'कॉम्बॅट मेडिक' होण्यासाठी टेक्सासमधील सॅन अँटोनिओच्या फोर्ट सॅम ह्युस्टन येथे सुमारे १६ आठवड्यांचे पूर्णवेळ प्रशिक्षण घ्यावे लागते. त्यात आपत्कालीन वैद्यकीय सहायकाची राष्ट्रीय परीक्षा उत्तीर्ण होणे बंधनकारक असते. नौदलाच्या कोअरमनचे प्रशिक्षणही आता याच तळावर होते. महाविद्यालयीन विद्यार्थ्याचे एखादे सत्र यात हमखास जाते.

मेडिक म्हणजे डॉक्टर नव्हे

येथेच अनेकांची गल्लत होते. मेडिकचा अनुभव मोलाचा असला, तरी त्यामुळे वैद्यकीय पदवीचा एक दिवसही कमी होत नाही. आधी पदवी, मग प्रवेश परीक्षा, चार वर्षांचे वैद्यकीय शिक्षण आणि त्यानंतर निवासी डॉक्टर म्हणून काही वर्षे, हा क्रम कुणालाच चुकत नाही.

पैशांचे गणितही आधीच मांडायला हवे. ११ सप्टेंबर २००१ नंतर किमान ३६ महिने पूर्णवेळ सेवा केलेल्यांना माजी सैनिकांच्या शिक्षण योजनेचा पूर्ण लाभ मिळतो, तोही ३६ महिन्यांपुरता. म्हणजे नऊ महिन्यांच्या चार शैक्षणिक वर्षांइतका. तो पदवीवरच खर्च केला, तर खर्चिक वैद्यकीय शिक्षणाच्या वेळी हाती काही उरत नाही. वैद्यकीय विद्यार्थ्यांसाठी सैन्याची शिष्यवृत्ती आहे. पण तिची परतफेड राखीव नव्हे, तर पूर्णवेळ सेवेने करावी लागते. लष्कराच्या राखीव दलाची वैद्यकीय विद्यार्थ्यांसाठीची विद्यावेतन योजना वेगळी आहे. तिची रक्कम तुलनेने मर्यादित, आणि परतफेड राखीव सेवेची. नावे सारखी वाटली, तरी बंधने वेगळी आहेत.

याखेरीज, राखीव जवानाला ऐन अभ्यासक्रमात मोहिमेवर जाण्याचा आदेश येऊ शकतो. १९९४ च्या कायद्याने त्याच्या नोकरीला संरक्षण आहे. वाया गेलेले सत्र मात्र कोणताही कायदा परत देत नाही.

सही करण्यापूर्वी

ग्रीन कार्डधारकांनाही जवान म्हणून भरती होता येत असल्याने, अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतील तरुणांपुढेही हे प्रश्न येऊ शकतात. भरती अधिकाऱ्याचे तोंडी आश्वासन करारात उतरले नसेल, तर त्यावर विसंबता येत नाही. कोणते पद, कोणता हुद्दा, प्रशिक्षणाची तारीख आणि सेवेची वर्षे, ही चार उत्तरे कागदावर मिळाल्याखेरीज सही करू नये. मुक्तिपत्र हाती येण्याआधी तर नाहीच नाही.