सर्व्हर किती वेळ जागा आहे?

अनेक जण आपापल्या घरून एकच संगणक-खेळ एकत्र खेळतात, तेव्हा त्यांना जोडणारा एक संगणक कुठेतरी अखंड चालू असतो. तो म्हणजे सर्व्हर. त्याच्याकडून दोन हिशेब हवे असतात. तो स्वतः किती वेळ न थांबता चालू आहे, आणि प्रत्येक खेळाडूने आजवर एकूण किती वेळ खेळण्यात घालवला.

पटकन सुचणारा उपाय म्हणजे दर सेकंदाला प्रत्येकाच्या खात्यात एक मिळवणे. पण गर्दी झाली की सर्व्हरला हे काम करायला उशीर होतो आणि तो उशीर साचत जातो. आम्हाला त्यापेक्षा आपला शाळेचा हजेरीपट बरा वाटतो! आल्याची वेळ लिहायची, गेल्यावर वजाबाकी करायची आणि उत्तर जुन्या बेरजेत मिळवायचे. मध्येच वीज गेली तर जाण्याची नोंदच होणार नाही, म्हणून दर काही मिनिटांनी बेरीज डिस्कवर उतरवतात. त्याच वेळी ‘आल्याची वेळ’ही पुढे सरकवावी लागते, नाहीतर तीच मिनिटे दोनदा मोजली जातील.

ही वेळ कोणत्या घड्याळात पाहायची? तारीख-वेळ दाखवणारे घड्याळ मधूनमधून दुरुस्त केले जाते. ते दहा मिनिटे मागे घेतले, तर नुकत्याच आलेल्या खेळाडूचा वेळ ऋण येईल. म्हणून संगणक सुरू झाल्यापासूनचे मिलिसेकंद मोजणारा गणक वापरतात. तो कुणी मागे फिरवत नाही.

मात्र त्यालाही मर्यादा आहे. ३२ बिटांत ४,२९,४९,६७,२९६ वेगवेगळ्या संख्या मावतात. इतके मिलिसेकंद म्हणजे ४९ दिवस १७ तास. त्यानंतर गणक पुन्हा शून्यावर! एक बिट चिन्हासाठी राखला असेल, तर पंचविसाव्या दिवशीच गणक ऋण संख्या दाखवू लागतो. विंडोज ९५ मधला ४९.७ दिवसांनी संगणक अडकण्याचा दोष १९९९ साली उघड झाला, तो असाच.

वर्गात हे भिंतीवरच्या घड्याळाने दाखवता येईल. ११ वाजता आलेला मुलगा ४ वाजता गेला. ४ वजा ११ म्हणजे उणे ७. त्यात १२ मिळवा, ५ तास. उत्तर बरोबर! ३२ बिटांची चिन्हविरहित वजाबाकीही अशीच आपोआप जुळते, म्हणून खेळाडूच्या वेळेला धोका नाही. कोणी सलग ४९ दिवस खेळत नाही (निदान अशी आशा आहे). पण तो मुलगा ५ तास होता की १७, हे काटे सांगू शकत नाहीत. सर्व्हर मात्र महिनोन् महिने चालू राहतो, आणि त्याची तीच अडचण होते. त्यासाठी ६४ बिटांचा गणक घेतात. मिलिसेकंद मोजत तो भरायला सुमारे ५८ कोटी वर्षे लागतील.

खेळात चूक झाली तर फार तर आकडा चुकतो. २०१५ साली अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने बोइंग ७८७ विमानांबाबत आदेश काढला. त्यांच्या वीजजनित्रांची नियंत्रणे सलग २४८ दिवस चालू राहिली, तर एका गणकाची मर्यादा ओलांडली जाऊन विमानाची वीज जाऊ शकत होती. तात्पुरता उपाय सांगितला होता तो साधाच: ठरावीक मुदतीत विमानाची वीज एकदा पूर्ण बंद करून पुन्हा चालू करणे.