डिजिटल अध्ययनसाधने आणि पालकाची भूमिका : पवई परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना

शिक्षणातील तंत्रज्ञानाची चर्चा बहुधा विद्यार्थी, शिक्षक आणि उपकरण या तीन घटकांभोवती फिरते. पालक हा चौथा घटक या चर्चेत क्वचितच येतो. वस्तुतः शालेय वयाच्या मुलासाठी तयार झालेले बहुतेक प्रत्येक डिजिटल साधन घरात एखादी प्रौढ व्यक्ती उपलब्ध आहे, असे गृहीत धरूनच चालते. या व्यक्तीकडे वेळ आहे, फोन आहे, साधनाची भाषा तिला समजते, हेही त्यात गृहीत असते. ज्या घरात ही गृहीतके खरी ठरतात तेथे साधन उपयोगी पडते आणि ज्या घरात ती खोटी ठरतात तेथे तेच साधन मुलाला मागे टाकते. प्रस्तुत लेखात पवई परिसराच्या संदर्भात या प्रश्नाचा परामर्श घेतला आहे.

पवईचा शैक्षणिक परिसर

मुंबई उपनगरातील पवई येथे १९५८ मध्ये भारतीय तंत्रज्ञान संस्थेची, म्हणजेच आयआयटी मुंबईची स्थापना झाली. भारतातील दूरस्थ व डिजिटल शिक्षणाच्या इतिहासात या संस्थेला महत्त्वाचे स्थान आहे. २००३ मध्ये सुरू झालेल्या एनपीटीईएल या उपक्रमात अन्य आयआयटी व बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेबरोबर तिचा सहभाग होता. संस्थेच्या आवाराबाहेर हिरानंदानी गार्डन्सच्या उंच इमारती आहेत. त्याच परिसरात तिरंदाज, पासपोली ही जुनी गावे आणि फुलेनगर, चैतन्यनगर यांसारख्या दाट वस्त्याही आहेत. इमारतीतील घरात मुलाला स्वतंत्र खोली व स्वतंत्र संगणक मिळू शकतो. वस्तीतील एका खोलीच्या घरात स्वयंपाक, झोप आणि अभ्यास यांची जागा एकच असते. डिजिटल साधन मात्र दोन्ही घरांत एकाच स्वरूपात पोहोचते. यास्तव पालकाच्या भूमिकेचा विचार करण्यास हा परिसर विशेष उपयुक्त आहे.

उपकरणावर भर देणारा टप्पा

स्वस्त उपकरण हाती दिले की शिक्षण पोहोचेल, अशी धारणा प्रारंभीच्या काळात प्रबळ होती. केंद्र शासनाने ऑक्टोबर २०११ मध्ये ‘आकाश’ हा अल्प किमतीचा टॅबलेट सादर केला. पुढे या प्रकल्पाची धुरा आयआयटी मुंबईकडे आली आणि नोव्हेंबर २०१२ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती प्रकाशित झाली. कालांतराने ही योजना मागे पडली. २०१५ मध्ये मुंबई महानगरपालिकेच्या शाळांतील आठवीच्या विद्यार्थ्यांना अभ्यासक्रम भरलेले टॅब देण्यास सुरुवात झाली. दप्तराचे ओझे कमी करणे हा त्यामागील एक हेतू होता.

याच काळात पवईतच एक वेगळी दिशा दिसते. आयआयटी मुंबईतील प्रा. कण्णन मौद्गल्य यांच्या मार्गदर्शनाखाली ‘स्पोकन ट्यूटोरियल’ हा उपक्रम उभा राहिला. सुमारे दहा मिनिटांचा दृक्‌श्राव्य पाठ, शिक्षक जवळ नसतानाही समजेल असे निवेदन, मराठीसह अनेक भारतीय भाषांतील ध्वनी आणि एकदा उतरवून घेतल्यावर इंटरनेटविना वापरण्याची सोय ही त्याची वैशिष्ट्ये होत. पडद्याच्या एका भागात पाठ पाहायचा आणि दुसऱ्या भागात तीच कृती स्वतः करायची, अशी त्याची पद्धती आहे. शिकणारा एकटा असेल, त्याचे इंग्रजी कच्चे असेल, जाळे तुटत असेल हे येथे आधीच लक्षात घेतलेले आहे. हे पाठ प्रामुख्याने संगणकप्रणाली शिकणाऱ्यांसाठी होते. तथापि शिकणाऱ्याची परिस्थिती आधी पाहून साधन घडवता येते, हे त्यातून सिद्ध झाले. पुढे स्तनपान व बालपोषण या विषयांवरील पाठही याच धर्तीवर तयार झाले. त्यांत माता स्वतः विद्यार्थिनीच्या भूमिकेत आहे, ही बाब लक्षणीय आहे.

टाळेबंदी आणि घरातील शाळा

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि पालकाचे अदृश्य काम एकाएकी दृश्य झाले. केंद्रीय शिक्षण खात्याने जुलै २०२० मध्ये ‘प्रज्ञाता’ ही मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. पूर्वप्राथमिक वर्गांसाठी दिवसाला जास्तीत जास्त ३० मिनिटे, पहिली ते आठवीसाठी ३० ते ४५ मिनिटांची दोन सत्रे आणि नववी ते बारावीसाठी चार सत्रे अशी मर्यादा त्यांत सुचवली होती. पूर्वप्राथमिकची ३० मिनिटे पालकांशी संवाद साधण्यासाठी होती. म्हणजे लहान वयात ऑनलाइन वर्गाचा खरा श्रोता पालकच आहे, हे धोरणानेही मान्य केले होते.

महाराष्ट्रात २० जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही मालिका सुरू झाली. एमकेसीएल नॉलेज फाउंडेशनने पहिली ते आठवीच्या मुलांसाठी तिची निर्मिती केली होती. घरातील वस्तू, अंगण, परिसर आणि पालकांशी होणारा संवाद यांतून शिकणे हे तिचे सूत्र होते. दूरचित्रवाणीसाठी डेटा लागत नाही आणि एका संचासमोर भावंडे एकत्र बसू शकतात, हा तिचा व्यावहारिक लाभ होता.

मुंबईत पहिली ते सातवीचे वर्ग १५ डिसेंबर २०२१ रोजी उघडले. जानेवारी २०२२ मध्ये ते काही काळ पुन्हा बंद झाले. ‘असर’ या सर्वेक्षणाची आकडेवारी ग्रामीण भारताची असली तरी ती येथे बोधप्रद आहे. २०१८ मध्ये ३६.५ टक्के विद्यार्थ्यांच्या घरी स्मार्टफोन होता. २०२१ मध्ये हे प्रमाण ६७.६ टक्के झाले. मात्र फोन असलेल्या घरांतीलही २६.१ टक्के मुलांना तो अभ्यासासाठी मिळत नव्हता. घरात फोन असणे आणि तो मुलाच्या हाती असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे यावरून स्पष्ट होते.

पालकाच्या कामाचे चार प्रकार

डिजिटल अध्ययनात पालकावर पडणाऱ्या कामांचे चार प्रकार करता येतात.

पहिले काम तांत्रिक होय. रिचार्ज करणे, ॲप बसवणे, परवलीचा शब्द सांभाळणे ही कामे त्यात येतात. नोंदणी पालकाच्या क्रमांकावर असेल तर ओटीपी त्याच क्रमांकावर येतो. ज्या घरात एकच फोन आहे तेथे तो कमावत्या व्यक्तीबरोबर कामावर जातो. साहजिकच मुलाचा अभ्यास तिच्या परतण्याच्या वेळेशी बांधला जातो.

दुसरे काम देखरेखीचे आहे. वर्गात शिक्षकाची नजर मुलांवर फिरत असते. पडद्यावरील वर्गात कॅमेरा बंद असल्यास शिक्षकाला केवळ नावांचे चौकोन दिसतात आणि ती नजर पालकाकडे येते. एक चित्रफीत संपताच दुसरी आपोआप सुरू करणाऱ्या व्यवस्थेत हे काम अधिकच अवघड होते.

तिसरे काम अध्यापनाचे आहे. लहान मुलाला पडद्यावरील सूचना वाचता येत नाही. ती कोणीतरी वाचून दाखवावी लागते. मूल इंग्रजी माध्यमात आणि पालक मराठीत शिकलेला असेल तर विषय येत असूनही तो समजावून सांगताना पालक अडखळतो. अशा वेळी खाजगी शिकवणीकडे वळणे स्वाभाविक ठरते.

चौथे काम निर्णयाचे आहे. कोणते ॲप घ्यावे, किती पैसे द्यावेत, मुलाची कोणती माहिती द्यावी हे पालकालाच ठरवावे लागते. डिसेंबर २०२१ मध्ये शिक्षण मंत्रालयाने शैक्षणिक तंत्रज्ञान कंपन्यांच्या संदर्भात नागरिकांसाठी सूचना काढली. खात्यातून आपोआप रक्कम वळती करण्याची परवानगी टाळावी, असा सल्ला तिच्यात होता. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमाने १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकाची पडताळणीयोग्य संमती आवश्यक मानली आहे. हा अधिकार मोलाचा आहे. परंतु संमतीचा मजकूर न समजता बटण दाबले गेल्यास त्याला अर्थ उरत नाही.

साधनाची पारख

महामारी ओसरली तरी ही कामे संपलेली नाहीत. गृहपाठ व्हॉट्सॲप गटावर येतो. २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘दीक्षा’ मंचाशी बालभारतीची पाठ्यपुस्तके क्यूआर संकेतांनी जोडली गेली आहेत. तेव्हा साधनाची पारख कशी करावी, हा प्रश्न कायम आहे.

येथे एक भेद ध्यानी घ्यावा लागतो. ॲपवर ‘पूर्ण’ अशी खूण उमटते ती पाठ पाहिल्याची. तो समजला याची नव्हे. हेन्री रोडिगर व जेफ्री कार्पिक यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे आढळले की, मजकूर पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा तो आठवून लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांच्या तो आठवड्यानंतर अधिक लक्षात राहिला. यातून पालकाला सहज करता येण्याजोगी एक कृती मिळते. पाठ संपल्यावर पडदा बंद करावा आणि काय समजले ते मुलाला घरच्या भाषेत सांगायला लावावे. त्यासाठी पालकाला विषय येण्याची गरज नाही. ऐकण्याची तयारी पुरेशी आहे. अल्पशिक्षित पालकही ही भूमिका समर्थपणे निभावू शकतो.

शाळांनीही साधन निवडताना काही प्रश्न विचारावेत. ते इंटरनेटविना चालते काय? त्यातील सूचना पालकाच्या भाषेत आहेत काय? सायंकाळी उशिरा फोन हाती आला तरी मुलाला काम पूर्ण करता येते काय? प्रौढाच्या मदतीविना मूल ते किती वापरू शकते? ज्या घरात फोन नाही तेथे छापील पर्याय दिला जातो काय?

समारोप

डिजिटल साधनाची किंमत रुपयांत सांगितली जाते. पालकाच्या वेळेची, श्रमाची आणि संकोचाची किंमत त्यात धरली जात नाही. ती धरली नाही तर आधीच सोयी असलेल्या घराला साधनाचा लाभ होतो आणि उरलेल्या घरांवर ‘पालक लक्ष देत नाहीत’ असा ठपका येतो. हा ठपका अन्याय्य आहे, कारण ज्या साधनाने ते काम घरावर टाकले त्याची तपासणीच झालेली नसते. शिकणाऱ्याची परिस्थिती आधी पाहून साधन घडवता येते, याचे उदाहरण पवईतच उपलब्ध आहे. तोच निकष शालेय साधनांना लावणे आणि उरलेले काम शाळेने स्वतःकडे परत घेणे, ही आजची निकड होय. शिकवण्याची जबाबदारी शाळेची आहे. पालकाची साथ तिला पूरक असावी, पर्याय नसावी.