पावसाआधी पडवी तपासा. सुतार ठरवताना हे विचारा

कोकणातल्या घराची पडवी पावसाचा पहिला मारा झेलते. वरून कौले शाबूत दिसली, तरी खालचे लाकूड पोकळ झालेले असू शकते. त्यामुळे पाहणी मेच्या सुरुवातीलाच उरका.

काय तपासाल?
● खांबावर हातोडीने हलके ठोका. बद्द आवाज आला, तर आत वाळवी किंवा कूज असण्याची शक्यता.
● खांबाचे बूड आणि वाशांची टोके आधी पाहा. ओल तिथेच मुरते.
● भिंतीवर मातीच्या रेघा दिसल्या, तर नुसत्या पुसू नका. वाळवीचा बंदोबस्त करा.
● तेल किंवा वॉर्निश लाकूड पूर्ण सुकल्यावरच लावा, नाहीतर ओल आत कोंडते.

कंत्राटदार कसा निवडाल?
● त्याने केलेले, दोन पावसाळे काढलेले काम स्वतः पाहून या.
● दर नुसत्या मजुरीचा की मालासकट, लाकूड कोणते, मुदत किती, हे कागदावर घ्या.
● पैसे कामाच्या टप्प्यांनुसार द्या; थोडी रक्कम पहिल्या मोठ्या पावसापर्यंत राखून ठेवा, पण ते आधीच ठरवा.
● खांब बदलताना छपराला टेकू कसा देणार, हे जरूर विचारा. टेकूशिवाय खांब काढल्यास छप्पर कामगारांच्या अंगावर येऊ शकते.