दीड बादली गरम पाणी

आमच्या कॅम्परमधल्या गीझरची टाकी सहा गॅलनची, म्हणजे जेमतेम तेवीस लिटरची. दीड बादली म्हणा. इथे मिशिगनमध्ये घरोघरी याच्या सात-आठपट मोठी टाकी असते, त्यामुळे कॅम्पिंगला शेजारी उतरलेली मंडळी सकाळी हमखास कुरकुरत असतात, की शॉवर सुरू केला आणि संपला. माझ्या सासूबाई सहा महिने आमच्याकडे राहायला येतात तेव्हा शॉवरच्या त्या खोपटात बादली आणि तांब्या घेऊन बसतात आणि पाणी शिल्लक ठेवून बाहेर येतात. मात्र आंघोळ चहाच्या आधी झाली पाहिजे आणि पाणी कढत पाहिजे. लडिंग्टनला तळ्याकाठी सप्टेंबरच्या पहाटे बोटं गारठतात, तिथे ही अट पाळायची म्हणजे गीझर बिघडून चालत नाही. ट्रेलर ओढणं आणि मागे घेणं नवऱ्याकडे, पाण्याचं खातं माझ्याकडे, अशी आमची वाटणी आहे.

हा गीझर सहलीत क्वचितच दगा देतो. तो बिघडतो घरासमोर नुसता उभा असताना. घरच्या टाकीतलं पाणी रोज बदलतं. कॅम्परमधलं तेच पाणी दोन सहलींच्या मध्ये आठवडेच्या आठवडे साचून राहतं, उन्हात कोमट होतं, रात्री निवतं. म्हणून कॅम्पर पंधरवड्याहून जास्त उभा राहणार असेल तर मी टाकी रिकामीच करते.

काम अर्ध्या तासाचं आहे, पण क्रम चुकवायचा नाही. आधी गॅस, वीज आणि पंप बंद. मग टाकी पूर्ण गार होऊ द्यायची. आतलं पाणी साठ अंशांपर्यंत तापलेलं असतं आणि दाबाखालीही असतं. गरम पाण्याचा नळ उघडून दाब सोडायचा, बाहेरच्या जाळीदार झाकणामागचा सेफ्टी व्हॉल्व्ह उचलायचा आणि त्यानंतरच खालचं बूच फिरवायचं. आमच्या टाकीला २७ मिलिमीटरचा पाना लागतो. समोर उभं राहायचं नाही, बाजूला राहायचं.

त्या बुचाला जोडूनच वीतभर लांबीचा एक रॉड बाहेर येतो. माझं सगळ्यात आवडतं काम हा रॉड पाहण्याचं. सबर्बन कंपनीच्या टाक्या पोलादी असतात, आतून काचेसारखा लेप दिलेला. लेपाला कुठे ना कुठे बारीक तडा असतोच आणि तिथून गंज सुरू होऊ शकतो. मॅग्नेशियम लोखंडापेक्षा सहज झिजतं, म्हणून त्याचा रॉड आत सोडतात. पाणी रॉडला खातं, टाकी वाचते. नवा असताना गुळगुळीत असलेला रॉड दोन-एक मोसमांत खडबडीत, खड्ड्याखड्ड्यांचा होतो आणि मधली तार दिसू लागते. तीन चतुर्थांश झिजला की बदलायचा. रॉड काही डॉलरांना मिळतो, नवा गीझर काही शे डॉलरांना. जुन्या ॲटवूड टाक्या ॲल्युमिनियमच्या असत, त्यांना रॉड नसतो, साधं प्लास्टिकचं बूच असतं. तिथे हौसेने रॉड बसवायला जाऊ नये.

एक धातू झिजू देऊन दुसरा वाचवायची ही युक्ती सर हम्फ्री डेव्ही यांची. १८२४ मध्ये त्यांनी ब्रिटिश नौदलाच्या जहाजांच्या तळाला ठोकलेला तांब्याचा पत्रा वाचवण्यासाठी त्याला लोखंडाचे तुकडे जोडून पाहिले. तांबं झिजायचं थांबलं, पण झिजणाऱ्या तांब्याच्या विषामुळे दूर राहणारे शिंपले आणि शेवाळ आता तळाला मजेत चिकटू लागले आणि जहाजं मंदावली. नौदलाने तो प्रयोग गुंडाळला. टाकीत शिंपले नसतात, त्यामुळे इथे तो छान चालतो. भारतातल्या कित्येक गीझरांतही असाच रॉड असतो. बोअरच्या जड पाण्यावर गीझर चालवणाऱ्यांनी सर्व्हिसिंगला आलेल्या माणसाला तो काढून दाखवायला जरूर सांगावं. बहुतेकांना तो आहे हेच ठाऊक नसतं.

रॉड काढला की त्या भोकातून बारीक नळी घालून आत जोराचं पाणी मारायचं. पांढरी खपली आणि चुना बाहेर पडतो. फारच साचला असेल तर पांढरं व्हिनेगर आणि पाणी भरून ठेवते, रॉडऐवजी साधं बूच लावून, कारण आम्ल मॅग्नेशियमलाही खातं. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, “अगं, आम्ही बंबाला चिंच लावायचो, तेच की हे!” तेच. चिंचेत टार्टारिक आम्ल, व्हिनेगरमध्ये ॲसिटिक.

नळातून सडक्या अंड्यांचा वास आला तर इथले लोक सांडपाण्याच्या टाकीला दोष देतात. पण वास फक्त गरम पाण्याला येत असेल तर गुन्हेगार गीझरच. विहिरीच्या पाण्यातल्या सल्फेटवर जगणारे जिवाणू साचलेल्या टाकीत हायड्रोजन सल्फाइड तयार करतात आणि मॅग्नेशियमचा रॉड त्यांना हातभार लावतो. साठवणीच्या टाकीच्या दर पंधरा गॅलनांमागे पाव कप साधं, बिनवासाचं ब्लीच घालून ते पाणी सगळ्या नळांत खेळवायचं, रात्रभर ठेवायचं आणि वास जाईपर्यंत धुवायचं. ब्लीच आणि व्हिनेगर मात्र कधीही एका वेळी नाही. त्यातून क्लोरीन वायू सुटतो.

गॅसचा भाग थोडक्यात. बर्नरच्या नळीत कोळी जाळं विणतात, कुंभारमाशा मातीची घरं बांधतात. हे हसण्यावारी नेऊ नये: २०११ मध्ये माझदा कंपनीने उत्तर अमेरिकेत सुमारे ६५,००० मोटारी परत बोलावल्या, कारण पिवळे कोळी इंधनटाकीच्या हवेच्या नळीत जाळी विणत होते. बर्नरमध्ये हवा कमी पडली की निळी ज्योत पिवळी होते, काजळी धरते आणि कार्बन मोनॉक्साइडचा धोका येतो. सहलीच्या आधी नळी लांब ब्रशने झाडायची, झाकणाच्या जाळीला आणखी बारीक जाळी लावायची आणि ज्योत डोळ्यांनी पाहायची.

सेफ्टी व्हॉल्व्ह ठिबकू लागला की लोक लगेच नवा आणतात. बरेचदा तो बरोबरच असतो. टाकीच्या वरच्या भागात हवेची एक पोकळी असावी लागते, तापलेलं पाणी फुगतं त्याला जागा म्हणून. ती हवा हळूहळू पाण्यात विरून जाते. टाकी गार करून, पाणीपुरवठा बंद करून, नळ उघडून व्हॉल्व्हची दांडी धार थांबेपर्यंत उचलून धरली की हवा परत भरते.

थंडीला मात्र सवलत नाही. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगतं, ते टाकी आणि नळ्या फोडतं. ऑक्टोबरात टाकी रिकामी करून बायपासचे कान फिरवायचे, म्हणजे नळ्यांत सोडलेला गुलाबी अँटीफ्रीझ गीझरला वळसा घालून जातो आणि सहा गॅलन वाया जात नाही. गुलाबीच घ्यायचा. तो प्रॉपिलीन ग्लायकॉलचा असतो. मोटारीत घालतात तो सहसा एथिलीन ग्लायकॉलचा, आणि तो विष आहे.

वसंतात घोटाळा होतो तो याच कानांमुळे. ते हिवाळ्याच्या जागीच राहिले तर नळाला पाणी येतं, पण टाकी कोरडी असते, आणि कोरड्या टाकीतलं १,४४० वॅटचं एलिमेंट काही क्षणांत जळतं. म्हणून सेफ्टी व्हॉल्व्ह उचलून तिथून पाण्याची धार आली, तरच विजेचं बटण. त्या बटणावर मी चिकटपट्टी लावून मराठीत ‘आधी पाणी’ असं लिहिलं होतं. कॅम्पर मुलाचे मित्रही नेऊ लागले, तेव्हा त्याने शेजारी नळाचं चित्र काढलं.