छोटा ट्रक बनवताय? आधी तास मोजा, मग किंमत सांगा



"सर, मी ट्रकची मॉडेलं बनवतो, अगदी हुबेहूब. याचा धंदा होईल का?" असं विचारणारी पोरं मला नेहमी भेटतात. मी त्यांना उलटा एकच प्रश्न विचारतो. एक ट्रक बनवायला किती तास लागतात? यावर बहुतेक जण गप्प होतात. सामानाचा खर्च तोंडपाठ असतो, पण तास कुणीच लिहिलेले नसतात.

म्हणून आज आपण वडूजमध्ये बसून हिशोब करू. समजा तुम्ही वडूजचे आहात. कांदा, बटाटा, ऊस भरलेल्या गाड्या बघत लहानाचे मोठे झालात. कुणाचा चुलता ट्रकवर, कुणाचा मामा टेम्पोवर. लहानपणी खोक्याचा ट्रक बनवला, आता पीव्हीसी फोम शीटचा बनवताय. कला आहे, हौस आहे आणि आजूबाजूला गाडीवर जीव लावणारी माणसंही आहेत. मग अडतं कुठं?

पहिली गोष्ट म्हणजे माप. 'अंदाजे बरोबर दिसतंय' असं मॉडेल लोक बघतात, कौतुक करतात आणि निघून जातात. पैसे मोजतो तो मापाला. सुरुवातीला १:२४ हे प्रमाण सोपं पडतं, कारण खऱ्या गाडीचा एक फूट म्हणजे मॉडेलमध्ये बरोबर अर्धा इंच. २४ फुटी ट्रक एक फुटात बसतो, टीव्हीखालच्या कपाटात मावतो. नवशिक्याची खरी चूक चाकात होते. दुकानातल्या खेळण्याची चाकं काढून लावली की सगळी गाडी बेंगरूळ दिसते. ट्रकचा १०.०० बाय २० चा टायर उंचीला साधारण एक मीटरच्या थोडा वर असतो, म्हणजे १:२४ मध्ये साधारण ४४ मिलिमीटर. एक चाक नीट घडवा, त्याचा सिलिकॉनचा साचा करा आणि रेझिन ओतून हवी तेवढी काढा. सहा चाकी गाडीला मागं जोडचाकं धरून सहा लागतात, स्टेपनी वेगळी.

आता पैसे. आकडे उदाहरणाचे आहेत, तुमचे तुम्ही घाला. फोम शीट, चाकं, पुट्टी, रंग, एलईडी मिळून ९०० रुपये. खोकं आणि कुरिअर ३५०. विक्री २५०० ला. हातात राहिले १२५०. "सर, निम्मा नफा!" असं म्हणून माणूस खूश होतो. पण त्या ट्रकला ४५ तास गेले असतील तर तासाला जेमतेम २८ रुपये पडले. आठ तासांचे २२४. भांगलायला गेलात तरी यापेक्षा जास्त मिळतील! यात बिघडलेला रंग, मोडलेला आरसा आणि गिऱ्हाइकाशी फोनवर गेलेला वेळ धरलेलाच नाही. हौशीचा धंदा इथंच मरतो, आणि गंमत म्हणजे ऑर्डर जास्त आल्या की लवकर मरतो.

यावर दोन उपाय आहेत आणि दोन्ही एकत्र करावे लागतात. एक, जे गिऱ्हाइकाला दिसत नाही ते एकसारखं करा. चेसिस, अ‍ॅक्सल, केबिनचा सांगाडा यांचे फर्मे बनवा आणि पाच-पाच एकदम कापा. दोन, गिऱ्हाइकाची नजर जिथं पहिली जाते तिथं वेळ घाला. ट्रकमालक आधी काचेवरचं नाव बघतो. मग नंबर, फाळक्यावरची अक्षरं, बंपरला लटकवलेलं लिंबू-मिरची, काळा गोंडा. महाराष्ट्रात 'हॉर्न ओके प्लीज' लिहायला परिवहन खात्यानं २०१५ मध्ये बंदी केली, पण मालकाला ते त्याच्या जुन्या गाडीवर होतं तसंच हवं असतं. मॉडेलवर लिहा की! फर्म्यामुळे तास समजा ४५ वरून २६ वर आले आणि किंमत ४८०० ठेवली, तर तासाला १३६ रुपये सुटतात.

"४८०० कोण देणार?" मुलासाठी खेळणं शोधणारा बाप देणार नाही, त्याच्या मागं लागू नका. ज्याची पहिली गाडी विकली गेली, जिच्या हप्त्यावर घर उभं राहिलं, तो देईल. आणि आपल्या खटाव-माण, खानापूर-आटपाडीतली गलाईवाली मंडळी देशभर पसरलेली आहेत. गावाकडची वडिलांची गाडी त्यांना दुकानात ठेवायला आवडेल, असा माझा अंदाज आहे. एकदा दोघा-तिघांना विचारून बघा. खंडेनवमी-दसऱ्याला गाडीची पूजा असते, तेव्हा द्यायचं मॉडेल श्रावणातच ऑर्डर घेऊन ठेवा. पुसेगावच्या सेवागिरी महाराजांच्या यात्रेत नमुना म्हणून ट्रकशेजारी उसाच्या दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टरही मांडा. आपल्या भागात त्याच्यापुढं जास्त माणसं थांबतील.

जपानच्या शिझुओकामधली तामिया कंपनी १९४६ मध्ये सुरू झाली ती लाकडाच्या धंद्यात. पुढं लाकडी मॉडेलं, मग १९६० पासून प्लास्टिकची. १९९३ मध्ये त्यांनी रिमोटवर चालणारा १:१४ चा 'किंग हॉलर' ट्रक आणला, तीन गिअरचा. आज जगभर लोक तो किट विकत घेऊन स्वतःच्या मनासारखा सजवतात. म्हणजे कंपनी सांगाडा विकते आणि वरची हौस गिऱ्हाईक करतं. तुम्ही उलटं करताय, हौससुद्धा तुम्हीच करून देताय, म्हणून त्याचे पैसे वेगळे लावा.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगतो. १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदलेल्या कारागिरांना त्यातून सूट आहे. तेव्हा ती नोंदणी करून घ्या, आणि शोभेचं मॉडेल असेल तर लहान मुलांचं खेळणं म्हणून विकू नका. सुटे आरसे, बारीक भाग पोरांच्या तोंडात जातात, हा कायद्याआधीचा मुद्दा आहे. उद्यम नोंदणी मोफत होते, कुणाला पैसे देऊ नका. राज्यातल्या राज्यात ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत मालाला जीएसटी नोंदणी लागत नाही, पण माल कोइमतूरला निघाला की नियम बदलतात. पहिल्या परराज्यातल्या ऑर्डरआधी सीएला भेटा. आणि गाडी कंपनीचा लोगो परवानगीशिवाय छापून सरसकट विकायला जाऊ नका, ट्रेडमार्कचं प्रकरण अंगाशी येतं.

मशीनसाठी कर्ज? माझं मत विचाराल तर पहिल्या दहा गाड्या होईपर्यंत नको. लेझर कटिंग बाहेरून करून घ्या.

ऑर्डर घेताना गाडीचे समोरून, मागून, दोन्ही बाजूंनी सरळ फोटो मागा, तिरके नको. एका फोटोत गाडीला टेप लावलेला असू द्या. काचेवरचं नाव गिऱ्हाइकाकडून व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या, नाहीतर 'आईसाहेब' की 'आई साहेब' यावरून रंगवलेली काच पुन्हा खरवडावी लागते. निम्मे पैसे आधी घ्या, ओळखीच्या माणसाकडूनही. आणि कामाला बसताना भिंतीवर एक वही टांगा. बसलेली वेळ, उठलेली वेळ. चहाला गेलात तरी लिहा.